पान अकरावर उठलेली मुलं

उत्तरेश्वर सरांचं शेवटचं सदर टाइप करता करता पेपरच्या कचेरीतली चन्नम्मा मधेच थांबली.

धाराशिवच्या एका दैनिकात सर एकतीस वर्षं दर रविवारी मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं लिहीत आले होते. आता बालपानच बंद होत होतं. "निरोपाचं काहीतरी लिहा, सर. रडकं नको," असं संपादक रणधीर म्हणाले, तेव्हा सरांनी आपली पद्धत लिहून काढली. पुस्तक घेऊन एखाद्या गावच्या शाळेत जायचं. पोरांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. पोरं उठली की तिथंच थांबायचं आणि पानाचा आकडा पेन्सिलीनं टिपायचा. पुढं वाचायचं नाही. का उठलात, असंही विचारायचं नाही, कारण विचारलं की पोरं मोठ्या माणसाला बरं वाटेल तेच सांगतात. जिल्ह्यातले लेखक या आकड्याला टरकून असत.

"सर, एक विचारू?" चन्नम्मा म्हणाली. "ते वानर शेवटी उतरलं कुठं?"

"कुठलं वानर?"

"रामलिंगाच्या देवळातलं. येडशीला गाडीत चढलेलं, तिकीट न्हाय म्हणून टीसीनं धरलेलं. लोहाऱ्याकडं आमच्या गावात वाचलं होतं तुम्ही. मी पाचवीत होते."

सरांना आठवलं. २०१६चा उन्हाळा. 'वानराचं तिकीट'. लोहाऱ्याच्या शिक्षिका शांताक्का यांचं पहिलंच पुस्तक. अकराव्या पानावर पंचवीसेक पोरं एकदम उठून गेली होती. इतकी एकदम कधीच कुठं उठली नव्हती.

"तुम्हाला ते आवडलं नव्हतं," सर म्हणाले.

"कुणी सांगितलं? टँकर आला होता, सर. चार दिवसांनी. एका पोरीनं खिडकीतनं खूण केली, आम्ही घागरींकडं पळालो. नंबर गेला तर घरी मार होता. पाणी भरून सगळे परत आलो, तर तुम्ही गेलेले. गुरुजी म्हणाले, साडेचारच्या जीपनं गेले." ती हसली. "तेव्हापासनं ते वानर डब्यातच अडकलंय माझं."

सर हसले नाहीत. संध्याकाळी मजकूर द्यायचा म्हणून त्यांनी ती जीप धरली होती. जीपमध्येच लिहिलं होतं: 'अकराव्या पानावर सगळा वर्ग उठला. लेखिकेनं मुलं शिकवली आहेत, ओळखलेली नाहीत.' यातलं दुसरं वाक्य तेव्हा त्यांना फार आवडलं होतं.

"मग, उतरलं कुठं?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "मी पुढं वाचलं नाही."

त्यांनी टाइप केलेला मजकूर परत मागितला. शेवटचं सदर आता त्याच पुस्तकावर लिहायचं होतं, पण छापण्याआधी चूक शांताक्कांच्या तोंडावर कबूल करायची होती. रविवारला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी ते लोहाऱ्याला गेले.

तहसील कचेरीमागच्या घराचं दार शांताक्कांच्या यजमानांनी, ईरण्णांनी उघडलं. आत भिंतीवर शांताक्कांचा फोटो होता. फोटोला हार होता. सर उंबऱ्यातच थांबले.

"दसऱ्याच्या आधी गेली," ईरण्णा म्हणाले. "बसा. उन्हातनं आलाव."

सरांनी सगळं सांगितलं. टँकर, घागरी, जीप. आपण पुढचं पान उलटलं नव्हतं, हेही.

"शाळेत चहाला उठताना बाकीच्या बाया म्हणायच्या, चला, पान अकरा आलं," ईरण्णा म्हणाले. "ही पण हसायची. लई हसायची. दुसऱ्या पुस्तकाची वही तयार होती, ती बंबात घातली. म्हणली, पाणी तरी तापलं."



"रविवारी छापतो मी. चूक माझी होती म्हणून."

"छापा की. आता मी तो पेपर कुणाला दाखवू, तेवढं सांगा."

ईरण्णांनी आतून पुस्तकाची एक प्रत आणून दिली. सरांनी चष्मा लावला, पान अकरा काढलं. "चालत असेल तर पुढचं वाचू का? मोठ्यानं. तुमच्यापुढं."

"नको, सर." ईरण्णांचा आवाज चढला नाही. "तिनं वाचून दाखवलंय मला, टीसीचा आवाज काढून. तुमच्या तोंडनं ऐकलं तर तिचा आवाज जाईल माझ्या कानातनं. तुम्ही घेऊन जा. वाचा तुमचं तुम्ही."

जीपच्या थांब्यावर चहाच्या टपरीपुढं बाकडं होतं. तिथं बसून सरांनी पान अकरा उलटलं. टीसीनं तिकीट मागितलं, तेव्हा वानरानं गंभीरपणे केळ्याचं साल पुढं केलं. टीसीनं ते पंच केलं. सर एकटेच हसले. टपरीवाल्यानं वळून पाहिलं. मग स्टेशनं आली, गेली. वानर प्रत्येक फलाटावर उतरायचं, झाडं पाहायचं आणि पुन्हा चढायचं. शेवटच्या पानावर ते येडशीलाच परत आलं. फलाटावर त्याची आई होती. लेकरू इथंच उतरेल म्हणून ती जागची हललीच नव्हती.

"धाराशिव, धाराशिव," जीपवाला ओरडला. "काका, एकच सीट हाय. उठताव का?"

सर उठले नाहीत. जीप निघून गेली.