संपतच्या जीपची गळती

संपतची जीप मागून तेल गाळत चौथ्यांदा माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मला आनंद झाला. मेकॅनिकला असा आनंद होऊ नये, पण खोटं कशाला बोलू?

मी वली. शिनोलीच्या रस्त्याला माझं गॅरेज. माझी बायको अनवरी जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा जावेद पुण्यात नोकरीला लागला, आणि नव्या गाड्या माझ्याकडे फिरकत नाहीत. दिवस दिवस मी कुणाशी एक शब्द बोलत नाही. संपत भीमाशंकरच्या भाविकांची जीप चालवतो. गाडी जॅकवर चढली की तो टायरवर बसतो, तंबाखू मळतो आणि दोन-अडीच तास त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. त्याच्या बायकोनं, ठमाबाईनं, आज कसलं कालवण केलं इथपासून मंचरच्या कांद्यापर्यंत. मी मध्ये मध्ये शिव्या घालतो. मला फार बरं वाटतं.

दुखणं मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या त्या गोल डब्याचं. त्यात जाड तेल असतं, आणि शाफ्ट जिथे आत शिरतो तिथे रबरी सील. ते गळत होतं. दोनदा मी ते इमानदारीत बदललं. तिसऱ्यांदा नीट निरखून बघितलं आणि कपाळाला हात लावला. आतली हवा सुटावी म्हणून डब्यावर एक छोटी टोपी असते, ब्रीदर म्हणतात तिला. दसऱ्याला गाडी धुवून-रंगवून पूजा करायची आपल्याकडची रीत. या पठ्ठ्यानं काळा ऑइलपेंट हाणताना ती टोपीसुद्धा सोडली नव्हती. घाटात तेल तापणार, हवेला वाट नाही, मग ती सीलमधून तेल बाहेर ढकलणारच. रंग खरवडला की काम संपलं.

मी खरवडला नाही. नवीन सील ठोकलं आणि म्हणालो, "बघू, टिकतंय का."

आणि आता हा चौथ्यांदा आला होता.

"वलीभाई, काल पोखरीच्या घाटात लई बेकार आवाज आला बघा," टायरवर टेकत संपत म्हणाला. "मागून नुसतं रडल्यावानी. धा मानसं व्हती आत, त्यात एक बाळंतीण. समद्यांना उतरवलं आन् चालत आणलं."

मी खाली शिरलो, डब्याचं बूच काढून आत बोट घातलं. बोट जवळजवळ कोरडंच बाहेर आलं. आणखी थोडं अंतर गेली असती तर आतले गिअर जाम झाले असते, चाकं जागेवर अडकली असती, आणि खाली दरी. दोन तासांच्या गप्पांसाठी मी दहा माणसं पणाला लावली होती. मला माझीच किळस आली.

सील बदललं. मग पॉलिश पेपर घेऊन टोपीवरचा रंग घासला, भोक तारेनं मोकळं केलं. बाहेर येऊन हात पुसले.

"संपत, रंगानं हवेचं भोक बुजलं व्हतं. मला मागच्या खेपेलाच दिसलं."

"मंग?"

"मंग काय. तू परत यावास म्हणून तसंच ठेवलं."

त्याचा तंबाखू मळणारा हात थांबला. त्यानं माझी आईबहीण काढावी असं मला मनापासून वाटत होतं. तो हळूच म्हणाला, "मी काय गाडी बिघडल्यावरच येतो व्हय तुमच्याकडं?"

"व्हय," मी म्हणालो. "तीस वर्षं झाली."

  संपतनं उठून तेलाचा डबा धरला, मी नळी लावली, आणि आम्ही दोघांनी मुकाट तेल भरलं.

त्याला आता दोन महिने झाले. जीप रोज सकाळी दारावरून जाते. संपत हॉर्न देतो, मी हात वर करतो. एक थेंब गळत नाही. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नसेल, आणि एकाही कामाचं मला इतकं वाईट वाटलेलं नाही.