पाचव्या फळीवरचा अर्धा चेहरा

मित्रांनो, मी एका जुन्या दुकानाच्या दाराची फळी आहे. नऊ फळ्यांमधली पाचवी. एवढे सांगितल्यावर माझी ओळख पुरी व्हायला हवी, आणि पूर्वी ती होतही असे. परंतु पुढे माझ्या बाबतीत असे काही घडले की, मी दार आहे की चित्र आहे, हे आता मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. म्हणून सगळे सुरुवातीपासून सांगते. सांगता सांगता कदाचित मलाही उलगडेल.

माझा जन्म दांडेलीच्या जंगलातील एका सागाच्या पोटात झाला. सांगलीच्या वखारीत मला कापले आणि हळदीच्या गल्लीतील दादासो मगदूम यांच्या दुकानासाठी एका सुताराने मला रंधा मारला. त्या काळी दुकानांना लोखंडी पत्र्याची दारे नव्हती. वर आणि खाली लाकडात लांब खाच असे आणि त्या खाचेत एकेक फळी सरकवून दुकान बंद होई. आम्ही नऊ जणी हाताने घडलेल्या. कोणी बोटभर जास्त रुंद, कोणी तळाशी किंचित तिरकी. एकीच्या जागी दुसरी बसत नसे. म्हणून आमच्या पाठपोटावर डांबराने एकपासून नऊपर्यंत आकडे घातले होते. माझा आकडा मला फार आवडे. माझ्या डावीकडे चार बहिणी होत्या आणि उजवीकडेही चारच.

आम्हांला रोज काढण्याचे आणि लावण्याचे काम आकाराम हमालाकडे होते. तीस वर्षे त्याने ते केले. फळी उचलताना तो तिला छातीशी उभी धरी आणि त्याचा डावा गाल तिच्यावर टेके. पावसाळ्यात मी फुगून खाचेत अडकले की, इतरांसारखा तो लाथ मारीत नसे. तो खाचेत मेण घाशी आणि म्हणे, "चल गं बाई, रुसू नगंस." त्याचे तळवे, त्याच्या खांद्याचे हाड, त्याच्या घामात मिसळलेली हळद हे सारे मला ठाऊक होते. त्याचा चेहरा मात्र मी कधी पाहिला नाही. तो माझ्या इतक्या जवळ असे की, दिसतच नसे.

बहात्तरच्या दुष्काळात, तीन दिवसांच्या तापाने, आकाराम गेला. दोन वर्षांनी व्यापारही गेला. हळदीचे सौदे करणारे सगळे अडते गावाबाहेरच्या नव्या मार्केट यार्डात हलले. दादासोंनी शेवटचे पोते उचलले, आम्हांला लावले, कुलूप घातले आणि वर्षभर आम्हांला कोणी हात लावला नाही. आमच्यासारखी अकरा दुकाने गल्लीत मिटलेली होती. आमच्या ओट्यावर कुत्री निजत. मित्रांनो, दार न उघडण्यासाठी असते की उघडण्यासाठी, हा प्रश्न मला त्या वर्षी पहिल्यांदा पडला.

मग एका सकाळी कुलूप वाजले. अंजना नावाच्या चित्रकला शिक्षिकेने दादासोंकडून किल्ली मागून आणली होती. गिऱ्हाईक मिळेपर्यंत दुकान आम्हांला वापरू द्या, गल्ली पार विसरली जाण्याआधी गल्लीच्या लोकांकडून तिचे चित्र काढून घेऊ, असे तिचे म्हणणे होते. दादासो हसून म्हणाले होते, "घ्या की. उंदरं ऱ्हाण्यापरीस माणसं बरी." तिच्याबरोबर वजीर होता. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. त्याने आम्हांला धुतले, घासले आणि आमच्या तोंडांवर पांढरा रंग चढवला. आमचे आकडे त्याखाली गेले. मी पाचवी आहे हे फक्त पाठीकडून कळू लागले.

त्या उन्हाळ्यात दुकानात जे चालले, त्याचा अर्थ मला लागेना. माल तोलणाऱ्या तोलारांनी तराजूचा काटा रेखून दाखवला. हळद निवडणाऱ्या बायकांनी कोळशाने सुपे रेखली. एका गाडीवानाने बैल काढला आणि स्वतःच म्हणाला, "ह्यो बैल न्हाई, म्हस झाली गड्या." कोणी रागावत नव्हते, कोणी घाईत नव्हते, आणि काही विकलेही जात नव्हते. ज्या दुकानात काही विकत नाहीत, त्याला दुकान म्हणावे का?

शेवटी ठरले की, आम्हां नऊ फळ्यांवर मिळून एकच चित्र काढायचे: गल्लीतली जुनी सकाळ. आणि मधोमध, आम्हांला उघडणारा आकाराम.

पण आकारामचा फोटो कोणाजवळच नव्हता. त्याची बायको राहीबाई दोन बोळ पलीकडे राहत असे. तिला बोलावले. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"फोटो काडाया कवा बसलं न्हाईत त्ये," ती म्हणाली. "लगीन झालं तवाबी न्हाई. आता तर झोपंतबी तोंड धड दिसत न्हाई. वाटतं, इसरते का काय मी."

अंजनाने तिला हाताला धरून आत आणले. आकारामचा जोडीदार गुंडा हमालही तिथे बसला होता. दोघे सांगत आणि वजीर खडूने काढत जाई. नाक जमले, मिशी जमली, फेटा जमला. ओठांपाशी सगळे अडले.

"हसरं काढ रं," गुंडा म्हणाला. "गडी लय हसायचा. दीड मण पाठीवर घिऊनबी हसायचा. आमी म्हणायचो, आक्या, पोतं हलकं झालं का काय तुझं?"

राहीबाईने त्याच्याकडे पाहिले. "हसायचं? त्ये? कवा?"

"रोज की वैनी."

"घरात न्हाई हसलं कदी. येऊन गप बसायचं. मला वाटायचं, स्वभावच हाय." ती खडूच्या त्या तोंडाकडे वळली. "म्हंजी माझ्या वाटणीला थकल्यालाच आला म्हणायचा."

वजीर खडू हातात धरून तसाच उभा. चेहरा माझ्या आणि चौथीच्या सांध्यावर येत होता. तो बराच वेळ त्या सांध्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने चौथीवर हसणारा अर्धा काढला आणि माझ्यावर गप्प अर्धा. अंजना म्हणाली, "वजीरभाई, असा चेहरा नसतो." वजीर म्हणाला, "बाई, ह्यांचा व्हता." माझ्या वाट्याला आला तो डावा गाल. तीस वर्षे जो मला लागत असे तोच. आता मी त्याला ओळखते, असे म्हणावे, तर तो माझ्यावरच आहे. मला तो दिसणार कसा?

त्यानंतर राहीबाई रोज सकाळी येई. दुकान उघडण्याआधी, आम्ही नऊ जणी खाचेत असतानाच, समोर उभी राही आणि निघून जाई.

दसरा झाला आणि गिऱ्हाईक मिळाले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले भाऊसो आटपाडीकडून आले होते. त्यांना चहापुडीचे आणि किराण्याचे दुकान घालायचे होते. पहिल्याच दिवशी ओट्यासमोर पाय जोडून उभे राहून त्यांनी आमच्याकडे नजर टाकली.

"दुकान हाय का तमाशाचा पडदा? फळ्या हिरव्या पायजेत. एकदम गडद. आणि नंबर लाइनीत."

त्या कामासाठी त्यांनी बाजारातला नावाजलेला पेंटर बोलावला. तो वजीरच होता. घरी चार तोंडे होती. त्याला नाही म्हणता आले नाही. तो हिरव्या रंगाचा डबा घेऊन आला, तेव्हा राहीबाई ओट्याच्या कडेला बसली होती. तिने हात जोडले नाहीत की डोळ्यांना पदर लावला नाही.

"रंगीव बाबा," ती म्हणाली. "पोट आदी. मी बसते जराशी, तुझं हुईस्तवर."

वजीरने पहिल्या फळीपाशी ब्रश नेला, खाली आणला, पुन्हा नेला. रंग टपटप ओट्यावर पडू लागला.

"काय रं पेंटर," भाऊसो ओरडले, "फळी रंगवतूस का वटा?"

"हवालदारसाहेब," वजीर हळूच म्हणाला, "फळीला दोन बाजू असत्यात. उलटी लावू या का? चित्र आत, हिरवं भाईर."

"आत? आत कोण बघणार? उंदीर?"

भाऊसोंनी राहीबाईकडे पाहिले, मग माझ्यावरच्या अर्ध्या चेहऱ्याकडे. "ह्यो कोण?"

"माझा मालक," राहीबाई म्हणाली. "ह्या फळ्या त्येच उघडायचं."

भाऊसोंनी रंगाचा डबा पायाने ओट्याच्या कडेला सरकवला. मग, जणू कोणावर तरी चिडल्यासारखे, म्हणाले, "मला भाईरनं हिरवं पायजे. आत काय का असंना."

अशा रीतीने आम्हांला फिरवले गेले. कडी-कोयंडा एका टोकाचा दुसऱ्या टोकाला ठोकला. कडा जुळाव्यात आणि चित्र आतून सलग राहावे म्हणून क्रमही उलटला: पहिली नवव्या जागी गेली, नववी पहिल्या, चौथी सहाव्या. पाठीवरच्या हिरव्यावर नवे आकडे पडले. नऊजणींत माझाच आकडा तेवढा बदलला नाही. पण माझे तोंड मात्र आत वळले. मित्रांनो, सांगा, मी आपल्या जागी राहिले की नाही?

दुकान बंद असताना आकाराम आता रित्या अंधाराकडे पाही. दिवसा आम्ही आतल्या भिंतीशी, चित्राची बाजू वर करून, एकीवर एक आडव्या रचलेल्या असू. पोत्यांमुळे तिथे एकाच फळीपुरती जागा होती, त्यामुळे सगळ्यांत वरची तेवढी दिसे. भाऊसो शिस्तीचे. एकपासून काढत, त्याच क्रमाने रचत. म्हणून वर नेहमी एका टोकाची फळी येई. तिच्यावर बैलाचे, किंवा म्हशीचे, शेपूट होते.

राहीबाई चहापूड न्यायला आली. तिने शेपटाकडे पाहिले आणि पुडी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आवं हवालदार, पाचवी खाली दडपली व्हय?"

"नंबरानं काढतो, नंबरानं रचतो. पाचला वर घेतली तर बाकीच्या आठ मोर्चा काढतील."

ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसोंनी आठ फळ्या रचल्या. मला त्यांनी बाजूला उभे ठेवले होते. मग उचलून सगळ्यांच्या वर ठेवले. फौजेत बावीस वर्षे घालवलेल्या माणसाने क्रम मोडला. आणि कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून रस्त्याकडे एकदा बघून घेतले. तेव्हापासून तीन वर्षे मीच वर होते. पावसाळ्यात ते माझ्या खाचेत मेण घासतात. हे त्यांना कोणी शिकवले, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही मिटलेली दुकाने असतील, जुन्या फळ्या असतील. त्यांना रंग द्या, हवे तर जाळायलाही न्या. पण त्याआधी एकदा उलटून पाहा. माझी एवढीच विनंती आहे. याहून मोठा उपदेश करावा इतके मलाच अजून काही समजलेले नाही.

कारण काल राहीबाई आली. बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली. मग पदराने तिने माझ्यावरची धूळ पुसली, गालापासून हनुवटीपर्यंत, आणि भाऊसोंना म्हणाली,

"उद्या ती शेजारची ठेवता का वर? हिला लय बघितलं. आता जरा हसताना बघू द्या."

आज माझी जुनी चौथी, आताची सहावी, वर आहे. मी तिच्याखाली आहे, आणि तिची पाठ माझ्या गालाला लागते आहे. मला वाईट वाटते आहे की बरे, ते मला सांगता येत नाही. वरून मात्र राहीबाईचा आवाज येतो. ती भाऊसोंना म्हणते आहे, "बगा की, गुंडा म्हणायचा तसं ह्येंचं पोतं खरंच हलकं वाटतंया."