चार उन्हाळे खाल्लेला नवा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. बीबी गावात मेहबूबच्या अंगणात भिंतीकडेला आडवा पडलो आहे. त्याची बायको अमीना माझ्या पोटात कोंबड्यांसाठी पाणी ओतून ठेवते. मला पाहून तुम्हांला वाटेल, या गड्याने पुष्कळ मुलूख पाहिला असेल, हजारो कोस पालथे घातले असतील. कसले कोस आणि कसला मुलूख! माझे सगळे धावणे दोन महिने नऊ दिवसांचे. मी जुना झालो तो पडून पडून. ही गोष्ट ऐकून तुम्हांला बरे वाटणार नाही. पण ती खरी कशी घडली हे मला एकट्यालाच ठाऊक आहे, आणि मोठ्या माणसांना माझे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून तुम्हांला सांगतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. कुठल्याशा उष्ण देशातल्या झाडांचा चीक गोळा झाला, कारखान्यात साच्यात घालून मला भाजले, आणि आगबोटीने मी मुंबईला उतरलो. तिथून आगगाडीने नांदुऱ्याला आलो. स्टेशनाजवळ मोटारी विकणारी एक पेढी होती, तिने मला मागवले होते. त्या दिवशी मी खरोखरच नवा होतो. बोट दाबले की दबायचो, सोडले की लगेच वर यायचो. मला उतरवून घेणाऱ्या हमालाने तर मला हुंगून पाहिले आणि तो हसला. मला वाटले, आता आठ-पंधरा दिवसांत रस्ता दिसणार.

पण मी आलो आणि कापसाचा भाव बसला. भाव बसला तशी मोटारी घेणारी माणसेही घरी बसली. पेढीने आम्हांला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकले आणि ती विसरून गेली. नांदुऱ्याचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला काही सांगायला नको, आणि ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटायचे नाही. असे चार उन्हाळे मी त्या पत्र्याखाली काढले. पत्र्याला भोके होती. त्यांतून ऊन दुपारभर माझ्या एकाच कुशीवर पडायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात माझा वास गेला. तिसऱ्यात अंगाला बारीक भेगा पडल्या. चौथ्यात मला माझेच अंग परके वाटू लागले. माझ्याबरोबरचे आठ-दहा टायरही तसेच वाळत होते. आम्ही एकमेकांकडे पाहायचेही सोडून दिले होते.

मग एके दिवशी गडबड उडाली. बीबीचे वामनराव मोटार घ्यायला येणार होते. वामनराव मोठे जमीनदार, मनाने साधे, पण मेहकरच्या एका लग्नात व्याह्याची मोटार पाहून आले आणि त्यांना चैन पडेना. त्यांच्या पत्नी रुखमाबाई म्हणाल्या होत्या, “आपली बैलांची दमणी काय वाईट हाय?” पण हौसेला मोल नसते. पेढीच्या मॅनेजरसाहेबांनी आम्हांला रॉकेलने पुसून घेतले आणि वरून काळा रंग फासला. घोडनवऱ्याच्या मिशा रंगवतात ना, तसा. मग आमच्यातले चौघे शेडमध्येच उभ्या असलेल्या एका मोटारीला चढवले. मी मागच्या डाव्या बाजूला बसलो.

“अगदी कोरी गाडी आहे. टायरांकडे तर पाच वर्षे बघायलाच नको, आमची हमी,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

वामनरावांबरोबर मेहबूब होता. वीस वर्षे तो त्यांची दमणी हाकत होता. त्या उन्हाळ्यात त्यांनी त्याला दोन महिने खामगावला ठेवून मोटार चालवायला शिकवले होते. तो माझ्यापुढे उकिडवा बसला, माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, “मालक, बैलाचे दात पाह्यले की वय समजते. याचे दात कुठं पाह्याचे?”

सगळे हसले. मॅनेजरसाहेब सर्वांत मोठ्याने हसले. मला मात्र त्या क्षणी ओरडून सांगावेसे वाटले, की बाबा, तुझा प्रश्न बरोबर आहे.

मोटार बीबीला आली आणि त्याच आठवड्यात दमणीची बैलजोडी विकली गेली. म्हणजे आता मेहबूबला परत फिरायला जागा उरली नाही. मोटारीची पुढची बैठक हेच त्याचे काम आणि हेच त्याचे गावातले नाव. आमच्यावरचा काळा रंग पंधरा दिवसांत उडाला, तेव्हा त्याला माझ्या कुशीतल्या भेगा दिसल्या. माझे वाळणे ओळखणारा साऱ्या जगात तो एकटाच निघाला. पण त्याने त्यावर उपाय केला तो त्याला ठाऊक असलेला. कातड्याची मोट वाळून तडकू नये म्हणून कुणबी तिला तेल पाजतात. दमणीचे पट्टेही त्याने वीस वर्षे असेच राखले होते. तो रोज सांजेला जवसाच्या तेलाची वाटी घेऊन यायचा आणि आम्हां चौघांना चोळून चोळून तेल पाजायचा.

खरे सांगतो, तेल मला मानवत नव्हते. अंग चिकट व्हायचे, धूळ बसायची. पण जन्मात कोणी माझ्यावर असा हात फिरवला नव्हता. रात्रभर मला त्या हाताची ऊब वाटत राहायची.

बाविसाव्या दिवशी पुढचा उजवा टायर मेहकरच्या अलीकडे उभा चिरला. वामनरावांनी पेढीला पत्र टाकले. उत्तर आले, तुमच्या भागातले रस्ते दगडगोट्यांचे, टायर काय करील? महिना उलटला आणि दुसरा गेला, तो पैनगंगेच्या उतारावर. त्या दिवशी रुखमाबाई बरोबर होत्या. पांढऱ्याशुभ्र धोतरातले वामनराव आणि नऊवारीतल्या रुखमाबाई चिखल तुडवत मेहकरला पायी गेले, आणि मोटार बैल जुंपून ओढून आणावी लागली. मग काय, गावाला आयतेच निमित्त मिळाले. पारावरचे पंजाबराव वामनरावांचे चुलतभाऊ. ते म्हणाले, “वामन्या, बैलं इकले अन् पुन्ना बैलंच जुंपले! बैलं हाकणारा माणूस मोटार हाकन काय बे?”

वामनराव तडक नांदुऱ्याला गेले. पेढीने त्यांना सकाळपासून बाकावर बसवून ठेवले. साहेब कामात आहेत, साहेब जेवायला गेले, साहेब पडलेत. शेवटी साहेब आले आणि म्हणाले की तुम्ही गाडीत माणसे जास्त बसवता. तरीही मी मुंबईला लिहितो. मित्रांनो, ते मुंबईला काय लिहीत होते देव जाणे. मुंबईहून कधी एक ओळही आली नाही. दोन टायर वामनरावांनी पदरचे घातले. ज्याच्या घरी गावाचे तंटे मिटवायला माणसे येत, तो माणूस त्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला होता, हे मोटारीबाहेर उभ्या मेहबूबने पाहिले आणि मीही पाहिले.

परत येताना वामनराव हळूच म्हणाले, “मेहबूब, माह्या मनात काई नाई. पण आता एक जरी टायर गेला, तं मले लोकायचं आयकाच लागन.”

“हाव मालक,” मेहबूब म्हणाला.

पोळ्याचा आदला दिवस आला. आमच्या वऱ्हाडात त्या सांजेला बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतन देतात. वीस वर्षे हे काम मेहबूबच करत आला होता. यंदा त्याच्या दावणीला बैल नव्हते. तो हळद आणि लोण्याचा गोळा घेऊन मोटारीपाशी आला. एकेका चाकाला त्याने निगुतीने चोळले. माझ्यापाशी आल्यावर त्याने माझ्या भेगेत बोटाने लोणी भरले आणि म्हणाला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन् बाबाहो, एवढं साल सांभाळा मले.”

मी सांभाळायला तयार होतो. माझ्यात ते उरले नव्हते.

पोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी खामगावच्या पुढे मी फुटलो. चार उन्हाळे ज्या कुशीवर ऊन पडले होते, तीच कूस वीतभर फाटली. मोटार कलली आणि बाभळीच्या कुंपणात शिरली. वामनरावांच्या कपाळाला खोक पडली. मेहबूबने आधी आपल्या पागोट्याने त्यांचे रक्त पुसले, मग तो माझ्याकडे आला आणि माझ्यासमोर बसला. माझी चीर तो दोन्ही हातांनी मिटवून पाहत होता.

जास्तीचे चाक चढवून ते तसेच नांदुऱ्याला गेले. मला मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर आणून टाकले. या वेळी वामनराव बसले नाहीत. “साहेब, दोन महिन्यात तीन टायर! तुमची हमी कुठं गेली? मालच खराब हाय तुमचा!” कपाळाला पट्टी बांधलेल्या त्या माणसाचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. मॅनेजरसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. ते एकदा माझ्याकडे आणि एकदा मागच्या शेडकडे पाहू लागले. मला वाटले, आज न्याय होतो. माझ्या फाटक्या अंगात जीव आला.

आणि त्याच वेळी मेहबूब पुढे झाला. आपल्या मालकाच्या बाजूने एक शब्द बोलावा, एवढेच त्याच्या मनात होते.

“साहेब, म्या काईच कमी नाई ठेवली. रोज सांजीले जवसाचं तेल पाजलं याईले. पोळ्याच्या आवतनाले हळद-लोणी बी लावलं. इचारा मालकाले.”

मॅनेजरसाहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

“ऐकलंत वामनराव? रबराला तेल! अहो, तेल म्हणजे रबराचा काळ. हा माणूस दोन महिने रोज तुमचे टायर मारत होता, आणि तुम्ही आमच्यावर डोळे वटारता?”

तेलाने रबर बिघडते हे खरे आहे, मित्रांनो. खोटे बोलणाऱ्याच्या हाती थोडेसे खरे लागले की त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. मी फुटलो तो उन्हाने. तेल लागायच्या कितीतरी आधी मी मेलेलो होतो. हे मी किती वेळा म्हटले! मला वास असता तर वासाने सांगितले असते.

मग मॅनेजरसाहेब गोड झाले. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला आम्ही दुखवणार नाही, चारही टायर नवे देतो. फक्त एका कागदावर सही करा, की टायर ड्रायव्हरच्या तेलाने गेले, पेढीचा दोष नाही. ड्रायव्हरचाही अंगठा हवा. आणि यापुढे आम्ही देऊ तो शिकलेला ड्रायव्हर ठेवा.

वामनराव बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. कागद इंग्रजीत होता. ते थकले होते. पारावरचे हसणे त्यांच्या कानांत असावे. त्यांनी सही केली आणि मान वर न करता म्हणाले, “मेहबूब, लाव अंगठा.”

मेहबूबने अंगठा लावला. बाहेर मोटारीला चार टायर चढत होते. मी त्यांना ओळखले. शेडमधले माझेच शेजारी होते ते, आणि त्यांचा काळा रंग अजून ओला होता.

मी निकामी ठरलो म्हणून मेहबूबने मला घरी आणले. त्या दिवसापासून तो निंदणी-खुरपणीच्या मजुरीला जातो. दोघा-तिघांनी बैल राखायला बोलावले, तो गेला नाही. अमीना म्हणते, “असं काऊन करता? वीस वर्स तुमच्या हातचं एक जनावर आजारी नाई पडलं.” तो खुरपे उचलून निघतो.

दिवाळीपर्यंत नव्या ड्रायव्हरच्या हाताखाली त्या चारांतले तीन टायर फुटले. वामनराव पेढीवर गेले, तर पेढीला कुलूप. तेव्हा त्यांनी एक टायर कापून पाहिला. आतून तो भाजलेल्या मातीसारखा ठिसूळ होता. ते दुसऱ्याच दिवशी मेहबूबच्या अंगणात आले. एवढा मोठा माणूस, पण खाटेवर बसला नाही.

“मेहबूब, चूक तुही नव्हती. त्या डायवरनं तेलाचं बोट बी नाई लावलं, तरी टायर गेले. मालच सडका व्हता. चाल, उद्यापासून मोटारीवर ये.”

माझे काळीज, म्हणजे जे काही असेल ते, उचंबळून आले. शेवटी कोणीतरी ते बोलले होते.

मेहबूब खुरप्याला धार लावत होता. त्याने हात थांबवला. “मालक, तुमी मोठ्या मनाचे. माहं मन राखाले बोलून राह्यले.”

“अबे, खरं सांगून राह्यलो! अल्लाची आन तुले!”

“नाई मालक,” मेहबूब अगदी शांतपणे म्हणाला. “तो कागद खोटा असता, तं तुमी मले अंगठा लावाले सांगतलंच नसतं.”

वामनराव उभ्या उभ्याच परत गेले.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असे माझ्यासारख्याने शेवटी सांगायचे असते. जरूर राखा. पण ज्याने निगा राखली त्याच्यावर बोट दाखवायची वेळ आली, तर आधी माल उलटून पाहा. टायर दुसरा मिळतो. माणसाचा आपल्या हातांवरचा विश्वास एकदा फाटला, की त्याला ठिगळ लागत नाही.

काल अमीनाची बकरी लंगडत घरी आली. तेल गरम करून तिने वाटी मेहबूबपुढे ठेवली. त्याने वाटीकडे पाहिले, हात धोतराला पुसले आणि वाटी परत तिच्याकडे सरकवली.

“तूच लाव,” तो म्हणाला.