अर्धवट नक्षीचा मासा

ते साल एकोणीसशे बासष्ट. ताई समुद्री प्रयोगशाळेत माशांचा अभ्यास करायची आणि मी तिथेच त्यांची चित्रं काढायचे. प्रवाळाच्या खडकांत बुड्या मारून मासे आणणारे आमचे आप्पा तोवर अंथरुणाला खिळले होते. त्यांनी शेवटच्या बुडीत आणलेला बोटभर मासा आमच्या टाकीत होता. गर्द निळा, अंगावर एकात एक पांढरी वर्तुळं. उथळ पाण्यातल्या कपारीत एकटाच राहणारा. ही नवी जात आहे अशी ताईची खात्री होती. त्या जातीला ती आप्पांचं नाव देणार होती, तेही आप्पांच्या देखत. लेख तयार होता, फक्त माझं चित्र अडलं होतं.

चित्र पुरं होईना. रोज एखादं वर्तुळ कुठेतरी उसवलेलं दिसे. मी रंग पुसायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा टाकीपाशी जायचे.

"चित्र काढतेस की माशाला दृष्ट लावतेस?" ताई करवादली.

"तूच बघ. शेपटीजवळ पिवळं दिसतंय."

ती बघेना. मासे बरण्यांत भरून ठेवणारे काका तेवढ्यात आले आणि चष्मा कपाळावर चढवून टाकीवर वाकले.

"हा बिघडला. असले अर्धवट नक्षीचे नेहमीच येतात. मी फेकून देतो."

ताई गर्रकन वळली. "नेहमी येतात?"

"अगं, तूच म्हणालीस ना, नमुना स्वच्छ हवा म्हणून!"

ताई बरण्यांच्या फळीपाशी गेली. फळीवर एकीकडे वर्तुळांचे छोटे मासे होते, दुसरीकडे खोल उतारावरचे, पिवळ्या पट्ट्यांचे मोठे. मधले सगळे आम्हीच फेकले होते.

संध्याकाळी ती आप्पांच्या उशाशी बसली. "आप्पा, तुमच्या नावाचा मासा राहिला. हा पिवळ्याचंच पिल्लू निघाला."

आप्पा तिच्याकडे कुशीवर वळले. मग म्हणाले, "जगलाय ना?"

"जगलाय."

"मग मोठा होऊ दे. आणि सोडाल तेव्हा उतारावर सोडा. कपारीत आता मावायचा नाही तो."

पट्टे पुरते उमटायच्या आधीच आप्पा गेले. मासा आम्ही उतारावर सोडला. ताईने नवा लेख लिहिला, त्यात मधल्या रूपाचं माझं चित्र छापलं. पुढे ती प्रयोगशाळेची प्रमुख झाली आणि आलेला एकही मासा फेकायचा नाही, असा नियम तिने केला. काका निवृत्तीपर्यंत कुरकुरत राहिले, "आता काय अख्खा समुद्रच बरणीत भरायचा?" मी अजून चित्रं काढते, आणि पुरं झालेलं चित्र पुन्हा पुन्हा उघडून बघते.