जायला सहा, यायला सव्वीस

मेट्रनबाई निवृत्त होऊन दहा वर्षे लोटली, तरी त्या दिसल्या की गल्लीतली मोठमोठी माणसे अजून सिगारेट पाठीमागे लपवीत. रुग्णालयात त्यांचा एक नियम असे: पाळीवरची नर्स आली नाही, तर निरोप धाडायचा नाही, स्वतः तिच्या दारी जायचे आणि तिला बरोबर घेऊन यायचे. कारणे वाटेत ऐकता येतात.

आता यजमानांच्या खुब्याचे ऑपरेशन ठरले होते. "तो आल्याशिवाय मी आत जायचा नाही," असा यजमानांचा हट्ट. तो म्हणजे एकुलते एक चिरंजीव, समुद्रापलीकडच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर.

"आई, अंतर तरी बघ," चिरंजीव फोनवर म्हणाले. "आज रात्री नऊला निघालो तर उद्या रात्री अकराला पोचतो. सव्वीस तास. माणूस पिळून निघतो."

"विमान तू ढकलत आणतोस का?"

"तुला नाही कळायचं ते."

मेट्रनबाईंना असे म्हणण्याची छाती आजवर एकाही डॉक्टरला झाली नव्हती. त्या तडक तिकिटांच्या कचेरीत गेल्या.

"आजी, सकाळी नऊला निघालात की त्याच दिवशी दुपारी तीनला तिथे," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"सहाच तास?"

"नाही, सोळा. तिकडची घड्याळं दहा तास मागे आहेत."

"आणि येताना?"

"तेही सोळाच."

मेट्रनबाईंनी चष्मा पुसला. म्हणजे घड्याळातल्या फरकाचे दहा तासही चिरंजीवांनी आपल्या कष्टांत धरले होते. बापाकडे जायचे नसले की भिंतीवरचे घड्याळसुद्धा साक्षीला धावून येते.

यजमानांना जाऊबाईंच्या हवाली करून त्या निघाल्या.

दार सुनेने उघडले. मागे चिरंजीव अर्ध्या चड्डीत उभे, पायाशी उघडी बॅग.

"आई? अगं, कळवायचंस तरी. एवढ्या लांब एकटी?"

"लांब कुठलं? तुझ्या हिशेबानं सहाच तास लागले. जायला सहा, यायला सव्वीस. घराकडची वाट चढणीची दिसते. बॅग कुणाची ही?"

चिरंजीवांनी बायकोकडे पाहिले. बायकोने छताकडे पाहिले, आणि मग तिला राहवले नाही.

"मित्राच्या लग्नाला निघालेत, सासूबाई. कुठल्याशा बेटावर. विमानानं अठरा तास."

"अरेरे. पिळून निघशील रे."

"आई, ते आधीपासून ठरलं होतं. म्हणजे तसं नाही, ऐक तर—"

"ऐकते ना. उद्याच्या विमानात शेजारशेजारच्या दोन जागा धरल्या आहेत. सोळा तास आहेत, सावकाश सांग."

चिरंजीवांनी पुन्हा तोंड उघडले. तेवढ्यात सुनेने बॅगेतला लग्नाचा कोट काढून खुर्चीवर टाकला, चेन ओढली आणि बॅग सासूबाईंच्या पायाशी आणून ठेवली.