कुलपाचे दोन अर्धे

दोघा भावांच्या ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत वादाशिवाय खुर्चीही हलत नसे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या ताईचा आवाज कायमचा जाणार, हे कळले तेव्हा त्यांनी तो आधीच मुद्रित केला; पुढे यंत्राने तिच्यासाठी तिच्याच आवाजात बोलावे, एवढ्यासाठी. मात्र बॅकअपच्या ड्राइव्हला कुलूप कोणते घालावे, यावर आठवडाभर खडाजंगी झाली. धाकट्याला संगणकातूनच घालायचे कुलूप हवे होते. पासवर्ड विसरला तरी उघडावे म्हणून त्याची एक जादा किल्ली बाजूला ठेवता येते.

"म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," दादा म्हणाला. त्याला अंकांची बटणे असलेला ड्राइव्ह हवा होता. चुकीचे आकडे वारंवार दाबले, तर तो आतले सारे आपण होऊन पुसून टाकतो.

अखेर दादाचाच ड्राइव्ह आला, पण धाकट्याच्या अटीवर: अर्धे आकडे एकाने ठरवायचे, अर्धे दुसऱ्याने, आणि एकमेकांना सांगायचे नाहीत.

पुढे दादाला मेंदूज्वर झाला. त्यातून तो उठला, तोवर स्टुडिओतल्या संगणकाची डिस्क निकामी झाली होती. ताईचा आवाज आता त्या ड्राइव्हमध्येच उरला होता.

धाकट्याने आपला अर्धा भाग दाबून ड्राइव्ह दादापुढे सरकवला. पुन्हा लाल दिवा लागला.

"जुन्या घराचा फोन नंबर घालून बघू?"

"तो मघाशीच घातलास, दादा."

"मग तुझंच अर्धं चुकत असेल."

"माझं मला पाठ आहे."

"पाठ असलेलंच माणूस चुकतो."

तो सगळा वाद दादाला शब्दशः आठवत होता. आकडे तेवढे नाहीत.

ताईने पाटीवर लिहिले: "डॉक्टरांनी कान तेवढे शाबूत ठेवलेत, तुमची भांडणं ऐकायला." तिघेही हसले. तिच्या हसण्यातून नुसता वारा आला.

धाकट्याने ड्राइव्हच्या कंपनीला फोन लावला. "आमच्याकडे दुसरी किल्ली नसते, साहेब," पलीकडची बाई मृदूपणे म्हणाली. "म्हणून तर लोक हा घेतात."

आता एकच संधी उरली होती. दादाचे बोट बटणांवर थांबले.

"एक आकडा मनात येतोय. पण खात्री नाही. दाबू?"

धाकट्याने ताईकडे पाहिले. तिने पाटी पुसून मांडीवर पालथी घातली.

"तुला काय वाटतं, दादा?"

"तू म्हणशील तसं," दादा म्हणाला.

उभ्या आयुष्यात त्याने धाकट्याचे असे कधी ऐकले नव्हते. दादाने विरोध करावा, एवढेच धाकट्याला त्या क्षणी हवे होते.