पाडकामाचा नकाशा

सुनेत्राने लॅपटॉप ओट्यावरच ठेवला होता; तिथून एक वर्षाची लेक ओवी डोळ्यांसमोर राहायची. रांगत रांगत पोरगी कुठल्या प्लगपाशी जाईल याचा नेम नव्हता. पडद्यावर पुण्याहून विश्वनाथ सर, तिचे पीएचडीचे मार्गदर्शक. महिनाअखेरपर्यंत त्यांची सही मिळाली नाही, तर सहा वर्षांची नोंदणीच रद्द होणार होती.

"तिसरं प्रकरण काढून टाक, लगेच सही करतो," सर म्हणाले.

विषय होता स्पेनमधल्या ग्रानादा शहरातला सम्राट पाचव्या चार्ल्सचा राजवाडा. बाहेरून चौकोनी, आत गोल चौक; आणि बांधला तो अल्हाम्ब्राच्या किल्ल्यात, हरवलेल्या मुस्लिम सुलतानांच्या महालांना खेटून. त्यासाठी काय काय पाडलं गेलं असावं, ते सुनेत्राने तिसऱ्या प्रकरणात जुन्या आराखड्यांवरून लाल रेघांनी मांडलं होतं. ही रीत नवऱ्याची. हर्षवर्धन इथे सौदीत, जुबैलच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्याकडे नवं युनिट उभारायचं तर आधी पाडकामाचं ड्रॉइंग लागे. काय जाणार ते दाखवल्याशिवाय परमिट नाही.

"हे प्लँटमधलं खूळ आहे," सर हसले. "आपण सौंदर्याबद्दल लिहितो. परीक्षकांना साम्राज्याची गाऱ्हाणी कशाला? त्यात तुझं लेकरू लहान. डॉक्टर हो आणि मोकळी हो."

ओवीने तोंडात घातलेलं डब्याचं झाकण काढून घेत सुनेत्राने तिला कडेवर उचललं.

"सर, चौक सुंदरच आहे. दुसऱ्या प्रकरणात चाळीस पानं तेच लिहिलंय. पण तो काही रिकाम्या माळावर नाही ना उभा राहिला? राजाने काय बांधलं ते सांगायचं आणि काय पाडलं ते गिळायचं, असला इतिहास मी नाही लिहिणार. एखादी रेघ चुकली असेल तर दाखवा, आत्ता पुसते."

"रेघ चुकलेली नाही गं..."

"मग प्रकरण राहील."

"मग सही विसर! सहा वर्षं वाया जातील, सांगून ठेवतो."

"जाऊ देत. लेकरू लहान आहे म्हणून प्रबंध लहान करणार नाही मी."

कॉल तुटला. रात्रपाळी करून झोपलेला हर्षवर्धन डोळे चोळत बाहेर आला.

"भांडलीस?"

"मार्गदर्शक बदलून मागतेय."

"आणि नाही दिला तर?"

"तर पुन्हा नोंदणी. पहिल्यापासून."

त्याने हात पुढे केले. "आण तिला इकडे."

मोकळ्या झालेल्या हातांनी सुनेत्राने विद्यापीठाचा अर्ज उघडला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मार्गदर्शकांना तिसरं प्रकरण नको आहे. मला हवं आहे.' खाली ते अख्खं प्रकरण जोडलं आणि पाठवून दिलं.